सस्पेन्स खातं

आमच्या सोसायटीतले आप्पा बँकेत हेड कॅशियर होते. निवृत्तीच्या दिवशी शाखेने त्यांना हार, नारळ आणि घड्याळ दिलं, आणि पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी साखर, रक्तदाब आणि वजन यांचे आकडे दिले. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. आप्पा खुलले. ताळा जुळवायला हातात पुन्हा काहीतरी आलं होतं.

त्यांनी लाल पुठ्ठ्याची खतावणी आणली, वर श्री लिहिलं आणि पानं आखली. जमेला खाल्लेलं, नावेला जाळलेलं. बिनतुपाची पोळी १००, वडापाव ३००, असे आकडे आतल्या पानावर सुबक अक्षरात. इथवर कोणाचीच हरकत नव्हती. पण नावेची बाजू बघता बघता फुगायला लागली. टेकडी, जिना, रद्दी खाली नेणं हे एक वेळ ठीक. सेक्रेटरीशी पार्किंगवरून झालेला वादसुद्धा त्यांनी ८० कॅलरीला लावला. का, तर घाम आला होता.

जमेची बाजू मात्र सडपातळ. त्याचं कारण तिसरा रकाना. ज्या रकमेचं खातं लगेच ठरत नाही ती बँकेत सस्पेन्सला टाकतात आणि चौकशी करून नंतर मिटवतात. आप्पांच्या सस्पेन्सला प्रसादाचा शिरा होता, फुटलेला मोदक होता, नातवाने ताटात टाकलेला वरणभात होता आणि उभ्याने खाल्लेलं सगळं होतं. उभ्याने खाल्लेलं जेवण नव्हे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. अप्रामाणिक माणूस असले पदार्थ लिहितच नाही. आप्पा तारीखवार लिहायचे, फक्त बेरजेत धरायचे नाहीत.

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले. खाणं आवरलं की शरीरातला साखरेचा साठा आधी संपतो आणि त्याने धरून ठेवलेलं पाणी निघून जातं. वजनातली पहिली घट बरीचशी या पाण्याची असते, चरबीची पाळी नंतर येते. हे मी त्यांना सांगून पाहिलं, पण तोवर त्यांनी त्रैराशिक मांडलेलं होतं. आठवड्याला दोन, महिन्याला आठ. वहिनी म्हणाल्या, "मग पुढच्या गणपतीला आरती मी एकटीनेच म्हणायची का?" तिसऱ्या आठवड्यात काटा हलेना. आप्पांनी काटा हलवला. न्हाणीघराच्या दारातल्या फरशीवर तो ६०० ग्रॅम कमी दाखवतो हे त्यांच्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून ती फरशी प्रमाण झाली.

मग ते तज्ज्ञांकडे वळले, म्हणजे तज्ज्ञांच्या व्हिडिओंकडे. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवायला सांगतात आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायला सांगतात. ऋजुता दिवेकर घरचं, आपल्या मातीतलं खा म्हणतात, तुपाला घाबरू नका म्हणतात. दोघांचं एकमेकांशी फारसं जुळत नाही, पण आप्पांच्या पानात ते गुण्यागोविंदाने नांदले. तूप दिवेकरांचं, ५५ मिनिटं दीक्षितांची. चोपन्नाव्या मिनिटाला श्रीखंडाची वाटी ओढून घेताना त्यांच्या चेहऱ्यावर कॅश बंद व्हायच्या आत खिडकी गाठल्याचं समाधान असे. दीक्षित गोडही टाळायला सांगतात. तो भाग, आप्पांच्या म्हणण्याप्रमाणे, त्यांच्या फोनवर नीट ऐकू आला नव्हता. शिवाय ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं असतं. आप्पा वेताळ टेकडीवर रोज ४५ मिनिटं काढतात. साडेचार किलोमीटर राहून जातात, कारण ओळखी फार.

रोजच्या दहा हजार पावलांवर मात्र त्यांची श्रद्धा होती. हा आकडा वरून, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या तोडीच्या कोणाकडून तरी, आला असणार असं ते धरून चालले होते. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजारांचा आकडा होता आणि तोच पुढे जगभर पसरला, हे कळल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. "म्हणजे परिपत्रक नाही?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्याच संध्याकाळी त्यांनी मर्यादा सहा हजारांवर आणली.

रविवारी सिंहगड. आतकरवाडीची वाट आप्पा खरोखर चढतात, त्याबद्दल मला आदर आहे. खर्च ते २००० लावायचे. इंजिनिअर मुलीने कागदावर मांडून दाखवलं. चढ साधारण ६०० मीटर. ८० किलोचा माणूस तेवढा वर न्यायचा तर निव्वळ काम भरतं ११०–११५ कॅलरींचं. शरीर चार-पाच पट जाळतं तेव्हा कुठे एवढं काम होतं. म्हणजे फार तर पाच-साडेपाचशे. आणि वर गेल्यावर? कांदाभजी, पिठलं, दोन भाकऱ्या, मडक्यातलं दही, आणि इतक्या लांब आलोच आहोत म्हणून आणखी एक मडकं. आप्पांनी कागद उलटसुलट पाहिला आणि चूक शोधून काढली. "यात उतरायचे धरलेच नाहीत!"

शेवटी मुलीनेच त्यांना एका आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. बाईंनी तीन दिवसांच्या खाण्याची नोंद मागितली होती. आप्पांनी खतावणीच टेबलावर ठेवली. बाई चाळत गेल्या आणि थांबल्या.

"काका, हे सस्पेन्स काय?"

"तात्पुरतं असतं ते."

"कधीपासून?"

"गेल्या संक्रांतीपासून."

बाईंनी फार काही सांगितलं नाही. अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं, उसळ-वरण जास्त, भात-पोळी कमी, आणि आठवड्यातून दोनदा ताकद लागेल असा व्यायाम, कारण या वयात चरबीबरोबर स्नायूही झडतात. हे सगळं आप्पांनी आधी ऐकलेलं होतं आणि फाइलला लावलेलं होतं. मग बाई म्हणाल्या, "जे खायचंय ते खा, पण आधी लिहा. आधी व्हाउचर, मग पेमेंट."

एवढ्या महिन्यांत त्यांच्याशी पहिल्यांदाच कोणीतरी बँकेच्या भाषेत बोललं होतं. आता पेढा दिसला की आप्पा खतावणी शोधतात, मग चष्मा, मग पेन, मग तारीख विचारतात. तोवर नातवाने पेढा खाल्लेला असतो. पाण्याच्या दोन बाटल्या हातात घेऊन ते गॅलरीत उठाबशाही काढतात. सावकाश का होईना, उतरायला लागले आहेत.

बाईंनी काट्यापेक्षा कमरेचं माप बघायला सांगितलं आहे. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत असावी. आप्पांची १०४ वरून ९९ वर आली. सोसायटीत सगळ्यांना कळवून झालं. परवा वहिनी म्हणाल्या, "अहो, ती माझी शिवणाची टेप. ताणलीय ती, माप कमी दाखवते. नवी आणते."

आप्पांनी टेप गुंडाळून कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.

"वर्षाच्या मध्येच माप बदललं तर मागचा ताळा कसा जुळायचा? मार्चअखेर होऊ दे, मग बघू."