काळ्या कपड्यांबाबत वडखळला खुलासा

गॉथ हा सुतकाचा पोशाख नाही. लीड्सहून घरच्या ग्रुपवर आलेल्या फोटोत नात नखशिखांत काळ्या कपड्यांत आहे हे खरे; पण घरात कोणीही गेलेले नाही. आजींचा फोन आला तो थेट "कोन गेला गो?" असाच, आणि तोवर पेणच्या आत्यांचे रोह्याला कळवूनही झाले होते. म्हणून खुलासा लेखी, आणि तोही दोन धुण्यांच्या मधल्या वेळात.

मूळचे गॉथ म्हणजे इ. स. ४१० मध्ये रोम लुटणारे टोळीवाले. पुढे इटलीतल्या विद्वानांनी टोकदार कमानींच्या जुन्या इमारतींना 'गॉथिक' म्हटले ते शिवी म्हणून. इंग्लंडात पोचेपर्यंत शिवीचे कौतुक झाले, आणि ते कौतुक बोटीने मुंबईला उतरले. १८८८ मध्ये पुरे झालेले बोरीबंदर स्टेशन याच घराण्यातले. आजोबांचा लग्नानंतरचा फोटो ज्या इमारतीसमोर काढलेला आहे ती गॉथिक आहे, आणि त्या फोटोविषयी आजवर कोणाची तक्रार नाही.

कपड्यांतला गॉथ मात्र गाण्यांतून निघाला. 'बाउहाउस' या बँडची पहिली तबकडी १९७९ची, लंडनचा 'बॅटकेव्ह' क्लब १९८२चा. 'सिस्टर्स ऑफ मर्सी' हा बँड तर १९८० मध्ये खुद्द लीड्समध्ये जमला. नावावरून आजींना त्या चर्चमधल्या सिस्टर वाटतील, त्या नव्हेत. तेव्हा मुलीला हे वेड गावाने लावले, आईवडिलांनी नाही. त्या काळच्या पोरांचे खिसे रिकामेच असत. जुन्या बाजारातले कपडे आणायचे, घरी काळे करायचे, फाटले तर टाचणी लावून फाटकेपणा दाखवायचा. स्वस्तात गॉथ होणे ही तडजोड नाही, तीच मूळ चाल आहे. महागडा गॉथ ही नंतरची भेसळ.

भेसळीचे उदाहरण म्हणजे बूट. आठ भोकांचे डॉक मार्टिन्स, नंबर १४६०. पहिला जोड १ एप्रिल १९६० रोजी तयार झाला म्हणून हे नाव. तेव्हा ते कामगारांच्या पायात असत. आज नवा जोड दीडशे पौंडांच्या वर जातो. पौंडाला शंभर रुपये धरले तरी पंधरा हजार झाले. वीस रुपयांच्या भावाने वडखळ नाक्यावर त्यात साडेसातशे वडापाव येतात, आणि त्यांना नाड्या बांधाव्या लागत नाहीत.

त्यावर पुन्हा कर. ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या कपड्यांवर आणि बुटांवर व्हॅट नाही. मोठ्यांच्या मापावर वीस टक्के आहे. लहान म्हणजे ज्याचा चौदावा वाढदिवस झालेला नाही ते. पण दुकानात जन्मदाखला काढून दाखवला तरी उपयोग नसतो, कारण कर वयावर बसत नाही, मापावर बसतो, आणि माप ठरते सरासरी मुलावरून. नात तेरा वर्षांची आहे, पाय आजोबांवर गेलेला आहे. त्यामुळे घोट्याखाली ती ब्रिटिश सरकारच्या लेखी मोठी बाई आहे. घोट्याच्या वरची अजून बसमध्ये लहान मुलांचे तिकीट काढते.

बूट शेवटी 'कार बूट सेल'मध्ये मिळाले. इथे गाडीच्या डिकीला बूट म्हणतात. रविवारी मैदानात लोक आपापल्या डिक्या उघडून घरातले जुने सामान विकतात. वीस पौंड सांगितलेला जोड नातीच्या बाबांनी पेणच्या बाजारात मडक्यांचा भाव करावा तसा पाठ फिरवून, चार पावले चालून, बारावर आणला. विकणाऱ्याने त्यांना हाक मारून परत बोलावले नाही, ते स्वतःच परतले; हा तपशील त्यांनी फोनवर सांगितलेला नाही.

शाळेचा नियम याहून अवघड आहे. शाळेला काळा कोट लागतो, काळी पँट लागते, काळेच बूट लागतात. पण बूट घोट्याच्या वर गेला की तो बूट राहत नाही, नियमभंग होतो. काळी नखे चालत नाहीत. केस काळे चालतात. मात्र आधीच काळे असलेले केस आणखी काळे केले आहेत काय, अशी विचारणा झाली. खोबरेल तेल लावले आहे असे लेखी उत्तर देण्यात आले. थोडक्यात, ही शाळा साडेआठशे मुलांना आठवड्यातून पाच दिवस काळे घालते आणि सहाव्या दिवशी कोणी हौसेने घातले तर काळजीने आईला फोन करते.

(इथे पहिले धुणे झाले. तेवढ्यात घरच्या बातम्यांची उत्तरे : धाकट्या काकांनी साखरपुड्यासाठी मिशा काळ्या केल्याचे समजले; तो गॉथ नव्हे. 'परदेशात पोरी हातच्या जातात' असे आत्यांच्या जाऊबाई म्हणाल्या. त्यांच्या चिरंजीवांनी दहावीच्या सुटीत केस लाल केले, तेव्हा इथून कोणी फोन केला नव्हता, याची नोंद असावी. हायवेचे काम २०११ पासून चालू आहे. ते झाले की कळवावे. यंदा पोपटीला कोण कोण होते ते मात्र कळवू नये. इथे वालाच्या शेंगाही नाहीत आणि भांबुर्डाही नाही.)

कपड्यांचे मुख्य ठिकाण म्हणजे धर्मादाय दुकाने. लोकांनी दिलेले जुने कपडे ऑक्सफॅमसारख्या संस्था विकतात आणि पैसा कामाला लावतात. चार-पाच पौंडांत स्कर्ट मिळतो, लेसचा पडदा मिळतो आणि पडद्याची शाल होते. हॅलोविन ३१ ऑक्टोबरला संपला की दुसऱ्या दिवशी मोठ्या दुकानांत वटवाघळे आणि कोळ्याची जाळी निम्म्या भावात निघतात. जाळीचे मोजे हा एक स्वतंत्र प्रकार आहे. धरमतरच्या खाडीत पागाने मासे धरतात. इथे पाग पायात घालतात. तो फाटला की मध्ये डोक्यापुरते भोक पाडून, पंजे कापून, अंगात घालतात. खाडीवरच्या कोणाला हे सांगू नये.

बाकीचे काम रंगाचे. काळ्या रंगाचे पाकीट आठ पौंडांच्या आत येते, मशीनमध्ये कपड्यांबरोबर टाकायचे. सुती, लिनन, व्हिस्कोज रंग पितात. पॉलिएस्टर पीत नाही. पार्सलमध्ये पोह्याच्या पापडांचा चुरा होऊ नये म्हणून आजींनी भोवती गुंडाळलेला जुना पांढरा परकर सुती निघाला. तो झकास रंगला. शिवणीचा दोरा तेवढा पॉलिएस्टरचा, तो पांढराच राहिला. मैत्रिणींनी ती मुद्दाम केलेली कलाकुसर समजून दाद दिली. रंगानंतर मशीन एकदा रिकामे फिरवावे लागते. फिरवले नाही तर पुढच्या धुण्यात बाबांची दोन बनियने राखाडी होतात.

परकराला पापडखाराचा आणि लोखंडी कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास होता. नातीच्या आईने तो दोन दिवस मशीनमध्ये टाकू दिला नाही. मशीन भरलेले आहे असे सांगण्यात आले. मशीन रिकामे होते.

चेहरा पांढरा करण्याची प्रथा गॉथांत आहे. ती गोरे दिसण्यासाठी नसून मेल्यासारखे दिसण्यासाठी आहे. तरी आजींनी डाळीचे पीठ आणि हळद पाठवू नये. नात ती प्रथा पाळत नाही. डोळ्यांना काजळ लावते, ते आजींच्याच डबीतले. दागिन्यांत मान जेट या काळ्या दगडाला. १८६१ मध्ये नवरा गेल्यावर व्हिक्टोरिया राणीने १९०१ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, काळेच घातले आणि यॉर्कशायरच्या व्हिटबी गावचा जेट देशभर गळ्यात आला. खरा जेट परवडत नाही. नातीच्या गळ्यात पेणच्या बाजारातले काळे मणी आहेत. वाट्या नाहीत, नुसते मणी. लग्न ठरलेले नाही.

याच व्हिटबीत १९९४ पासून गॉथांचा मेळा भरतो. 'ड्रॅक्युला' कादंबरीतला रक्तपिपासू सरदार याच बंदरात उतरतो, हे त्याचे कारण. टेकडीवरच्या चर्चला १९९ पायऱ्या आहेत. कनकेश्वर चढलेल्यांना त्या जिन्यासारख्या वाटतील. रस्त्यात उभे राहून लोकांचे कपडे बघायला पैसे पडत नाहीत, म्हणून येत्या मेळ्याला सगळे कुटुंब जाणार आहे.

त्यासाठी आजींची संक्रांतीची चंद्रकळा हवी आहे. ती कपाटात खालच्या खणात, हलव्याच्या दागिन्यांच्या डब्याखाली आहे. नात ती कापणार नाही, रंगवणार नाही, नेसणार आहे. नऊवारी नातीच्या आईला नेसवता येत नाही, ती आजींनी व्हिडिओ कॉलवर दाखवावी. मात्र वडखळच्या दुपारी दोनच्या आधी फोन करू नये. इथे सगळे झोपलेले किंवा बस पकडायच्या घाईत असतात. पार्सलमध्ये जागा उरल्यास वाल घालावेत.