जावयाचं वाण, जावयाच्या हातचं

२००४ नंतर थेट २०२३ साली श्रावण अधिक आला, आणि नेमके त्याच सुमारास सासूबाईंचे गुडघे गेले. अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारशांचं वाण द्यायचं, त्यावर दिवा ठेवायचा. जावई म्हणजे साक्षात नारायण! पण गॅससमोर उभं राहणार कोण? विकतचे अनारसे सासूबाईंना मंजूर नाहीत. बायको पीठ चाळायलासुद्धा तयार नव्हती. तेव्हा, कांदेपोहे बरे जमतात एवढ्याच भांडवलावर, "मी करतो की!" असं मी बोलून गेलो. स्वतःचं वाण स्वतःच तळून घेणारा नारायण कुठल्या पुराणात असेल असं वाटत नाही.

तांदूळ तीन दिवस भिजवायचे आणि पाणी रोज बदलायचं. दुसऱ्या दिवशी मी विसरलो. शेजारच्या काकूंनी "गटार तुंबलंय का हो तुमच्याकडे?" असं विचारल्यावर आठवलं. मग ते सावलीत वाळवायचे. डोंबिवलीच्या पावसात सावलीला तोटा नव्हता, वाळण्याचंच काय ते अडत होतं. शेवटी सासऱ्यांचं जुनं धोतर आमच्या पलंगावर अंथरलं, त्यावर तांदूळ पसरले, पंखा पाचवर ठेवला आणि आम्ही हॉलमध्ये चटईवर झोपलो. हे तांदूळ कडकडीत वाळवायचे नसतात. जरा दमट असतानाच दळून बारीक चाळणीने चाळायचे. पिठाच्या वजनाइतकाच गूळ, चमचाभर तूप, घट्ट गोळा, आणि तो चार-पाच दिवस डब्यात मुरायला. या "वजनाइतकाच"पाशी माझी रसिकता आडवी आली. सणाचं गोड जरा सढळ हातानं करावं म्हणून मी गुळाचा आणखी एक भलामोठा खडा किसून घातला.

तळणीच्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. जावयाला थेट बोलणं त्यांच्या पिढीत बसत नाही, म्हणून सगळ्या सूचना बायकोमार्फत यायच्या.

"त्यांना म्हणावं, आच थोडी बारीक असली तर बरं."

"गॅस कमी कर!" बायको ओरडायची.

"खसखशीची बाजू वर असते, एवढंच सांग हो."

"उलटा टाकलास!"

अनारसा उलटायचा नसतो, झाऱ्यानं वर तूप उडवत राहायचं. मीही उडवत होतो; बरंचसं ओट्यावर आणि थोडं बनियनवर. पण उडवायला कढईत अनारसा तर हवा! तो आधी पसरला, मग त्याला भोकं पडली, मग भोकंच तेवढी राहिली आणि खसखस तुपावर तरंगू लागली.

"हसला गं," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"हसला!" बायकोनं हे सगळ्या मजल्याला कळवलं.

गूळ वाजवीपेक्षा जास्त झाला की तो तुपात वितळतो आणि पिठाला धरून ठेवायला काही उरत नाही. त्यावर उपाय म्हणजे बाजूला ठेवलेलं कोरडं पीठ थोडं मळायचं. मी सगळंच मळलं. त्यानंतरचे अनारसे हसले नाहीत, आणि जाळीही धरेनात. एक ताटात टाकला तर कॅरमचा स्ट्रायकर पडल्यासारखा आवाज झाला. काठ खरपूस, मधे पांढरट गुठळी, वर खसखस मात्र अगदी नेटकी.

वाणाला पदार्थ जाळीदारच लागतो, ही अट मला तेव्हा कळली. सासूबाईंनी कुणाला दोष दिला नाही. फक्त नातवाला हाक मारून म्हणाल्या, "जा रे, वाण्याकडून ३३ बत्तासे आण." म्हणजे विकतचं चालत होतं तर! कढईच्या तळाचा खमंग चुरा त्यांनी वाटीत काढून घेतला, दुधात कालवून खाल्ला आणि "चव छान आलीय, त्यांना सांग" असा निरोपही पाठवला. हा निरोप बायकोनं पोचवला नाही. मीच ऐकला.

संध्याकाळी तुपाचे डाग पडलेलं बनियन बदलून, सदरा घालून मी पाटावर बसलो. तबकात बत्तासे, मधे तेवता दिवा. सासूबाईंनी गुडघे सांभाळत कुंकू लावलं, वाण हातात दिलं आणि वाकून नमस्कार केला. मी चेहऱ्यावर जमेल तेवढं वैकुंठ आणलं.

"नारायणा," बायको कानाशी येऊन म्हणाली, "बत्तासे नंतर खा. आधी कढई घास, गूळ वाळला तर निघायचा नाही."