आज खंयच्या गावचो?

भातं झोडून झाली, दिवाळी आटोपली की मालवणपासून देवगडपर्यंत टेनिस बॉलच्या स्पर्धांचे बॅनर झळकू लागतात आणि आमच्या वाडीतला आयकॉन घरात दिसेनासा होतो. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर आहे. खेळाडूंच्या लिलावाआधीच ज्याला राखून ठेवतात तो आयकॉन, म्हणून वाडीनंही तेच उचललं. शनिवारी हा वेंगुर्ल्याचा, रविवारी सकाळी कणकवलीचा आणि रात्री प्रकाशझोतात मालवणच्या बोर्डिंग मैदानावर भलत्याच कोणाचा. पिशवीत चार जर्सी असतात. पाठीवरचा नंबर एकच, छातीवरचे पुरस्कर्ते वेगवेगळे: चिरेखाणवाला, डंपरवाला, हॉटेलवाला आणि एक होऊ घातलेला उमेदवार. आई जेवणाचं विचारायच्या आधी विचारते, "आज खंयच्या गावचो रे तू?"

फोनवर तो कमी बोलतो. "माती की मॅट? ओव्हरी किती? पेट्रोल धरून की सोडून?" पाकीट टॉसच्या आधी हातात हवं. एका आयोजकानं जिंकल्यावर देतो म्हटलं, तेव्हा हा शांतपणे म्हणाला, "दादानू, मगे टॉसपण जिंकल्यावरच उडवया." पाकीट मिळालं. बापाला मात्र हा हिशेब अजून पटलेला नाही. "रापणीची दोरी वडल्याशिवाय वाटो गावणा नाय," तो म्हणतो, "आणि ह्याका नुसती बॅट फिरवल्यार?"

पैशासाठी खेळतो म्हणून नाकं मुरडणारे पारावर पुष्कळ आहेत. त्यांना गोलंदाज पालवणकर बाळूंचं नाव सांगावं. घराणं मूळ शेजारच्या रत्नागिरीतलं. पुण्यात आधी पारशी क्लबात, मग पूना जिमखान्यात महिन्याच्या पगारावर खेळपट्टीची देखभाल करायचे. पुढे 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात याच माणसानं 114 बळी घेतले. तिकडे कॅनडात बर्फावरच्या हॉकीतही हेच. सायक्लोन टेलर नावाचा खेळाडू आपल्याकडे खेळावा म्हणून ओटावात त्याला इमिग्रेशन खात्यात कारकुनी मिळवून दिली. तरी 1909 च्या अखेरीस रेन्फ्रू नावाच्या लहानशा गावानं त्याला पळवलाच, 12 सामन्यांच्या हंगामाला 5,250 डॉलर मोजून! पैसा घालणारे ओब्रायनशेटही खाणवालेच. आमच्या चिरेखाणवाल्याला हे कळलं तर दर वाढेल, म्हणून मी अजून बोललेलो नाही.

आयकॉनची खरी फजिती होते ती वाडीच्या स्पर्धेत. तिथं पाकीट नाही, मानाचा नारळ. समोरचा गोलंदाज शाळेतला बाकसोबती, याचं सगळं ठाऊक असलेला. दुसऱ्याच चेंडूवर दांडी! गाव म्हणतं मुद्दाम आऊट झाला, आई म्हणते दृष्ट लागली. हा पॅव्हेलियनकडे, म्हणजे आंब्याखाली, येत पुटपुटतो, "पाकीट नाय तर अंदाजच येणा नाय."

मला तो या साऱ्या गर्दीत सर्वांत सरळ माणूस वाटतो. दर तोंडावर सांगतो आणि घेतलेल्या पैशाला जागून डाइव्ह मारतो. त्या डाइव्हांनी गुडघा गेलाय. क्रेप बँडेज गुंडाळतो, वर पँट ओढतो आणि आयोजकाला दिसणार नाही असा लंगडतो. पाऊस लागला की चार महिने कमाई बंद, गुडघा मात्र चालूच.

तेव्हा स्पर्धा भरवणाऱ्या मंडळींनो, कॅप्टनपेक्षा उंच चषक आणता, तो यंदा दोन फूट कमी उंचीचा आणा आणि उरलेल्या पैशात पोरांचा अपघात विमा काढा.