हातगुणाचे काका

१९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले आणि पुढच्या काही वर्षांत कॉलनीगणिक एकेक टीव्हीवाले काका उदयाला आले. नोकरी बँकेत नाहीतर जिल्हा परिषदेत, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा डाग पडला किंवा बातम्या देणाऱ्या बाईंचा अर्धा चेहरा जांभळा झाला, की त्यांना बोलावणे जाई. काका आधी सेटच्या डोक्यावर हात ठेवत, मग मान तिरकी करून निदान सांगत, "पिक्चर ट्यूब चाललीय, वहिनी. तरी बघू." बटण बंद, प्लग बाहेर आणि तोवर चहा. चहामागून पोहे आले तर उत्तमच. अर्ध्या तासाने काका बटण दाबत, आतून 'ठुंऽऽ' असा आवाज येई आणि बातम्यांच्या बाई माणसात येत. कॉलनी म्हणे, काकांना हातगुण आहे.

हातगुण होता तो चहाचा. रंगीत ट्यूबमध्ये काचेच्या मागे बारीक भोकांची एक पातळ धातूची जाळी असते. तीन रंगांचे तीन इलेक्ट्रॉन-झोत या भोकांतून जाऊन आपापल्या ठिपक्यावर पडले पाहिजेत. शेजारी कोणी स्पीकर आणून ठेवला, की त्यातल्या चुंबकाने जाळी चुंबकित होते, झोत वाकतात आणि लाल शेजाऱ्याच्या हिरव्यात पाय ठेवतो. हे कारखानदारांना ठाऊक होते, म्हणून ट्यूबभोवती तारेचे वेटोळे बसवलेले असते. सेट सुरू होताच त्यातून जोराचा प्रवाह उलटसुलट धावतो आणि क्षणात ओसरतो. जाळीचे चुंबकत्व त्याबरोबर उतरते. 'ठुंऽऽ' तो हाच. प्रवाह ओसरवतो एक थर्मिस्टर, तापला की वाट अडवणारा. तो थंड होईपर्यंत वेटोळे पुन्हा कामाला लागत नाही.

कोणी म्हणेल, एवढे सोपे होते तर घरातल्यांना का जमले नाही? कारण घरचा माणूस डाग दिसताच बटण खटाखट बंद-चालू करतो आणि तापलेला थर्मिस्टर ढिम्म राहतो. काका थांबत, पोह्यांच्या आशेने का होईना, पण थांबत. दुसरा आक्षेप असा, की काका थापही मारत आणि तीही लागू पडे. खरे आहे. एखादा रंग समूळ गायब असेल, तर आत डाखाचा सांधा सुटलेला असू शकतो आणि हादऱ्याने तो घटकाभर टेकतो. डागाशी त्याचा संबंध नाही. उरले ते काका, जे बाहेरून फिरवायची कॉइल बाळगत. त्यांच्यातल्या जाणत्याने ती चालू ठेवून सावकाश दोन-तीन पावले मागे येऊन मगच बंद केली. अर्धवटाने पडद्याजवळच बंद केली आणि सगळ्या पडद्यावर नवे डाग उठवले.

तेव्हा काकांच्या विद्येपैकी खरा ठरतो तो धीर, बाकी अभिनय. जुना ट्यूबचा सेट किंवा मॉनिटर अजून घरात असेल, तर स्पीकर लांब सरकवा, रिमोटने नव्हे, प्लग काढून बंद करा आणि अर्धा तास थांबा. दोन-तीनदा करूनही डाग हटला नाही तर मेकॅनिक बोलवा. मागचे झाकण मात्र काकांनाही उघडू देऊ नका. आत वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो ट्यूबमध्ये टिकून राहू शकतो.