बेटावर पॉइंट किती?

सोसायटीतल्या चार कुटुंबांनी मिळून एखाद्या बेटावर जायचं, हे २०२३ च्या दिवाळीत ठरलं. कोणत्या बेटावर, हे ठरायला आणखी दोन दिवाळ्या आणि सोसायटीची एक निवडणूक जावी लागली. उशीर झाला असं मी म्हणणार नाही. सहलीतला सर्वांत मजेचा काळ तोच होता, हे मला आता कळलंय.

तसं पाहिलं तर आम्ही राहतो तेच मुळी बेटावर. ठाणे शहर साष्टी बेटावर आहे. खाडी ओलांडून कळव्याला उतरलं की मुख्य भूमी सुरू होते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला थांबली, ती काही मिसळ खायला नव्हे. पुढे खाडी होती. हे सगळं मी पहिल्याच बैठकीत सांगितलं. “मग तुम्ही कळव्याला जाऊन या,” असं म्हणून ही चहा आणायला गेली.

तळमजल्यावरच्या बँकवाल्या काकांनी तक्ता करायला घेतला. काका निवृत्त आहेत, पेन्शन जुनी आहे आणि एक्सेल त्यांना निवृत्तीनंतर आलं. त्यामुळे ते त्यावर नव्या सुनेसारखं प्रेम करतात. तक्त्यात सतरा रकाने. माणशी खर्च, विमान किती वेळा बदलावं लागतं, शाकाहारी मिळतं का, पाण्यात उतरणं सक्तीचं आहे का, पासपोर्टवर शिक्का बसतो का. एका रकान्याला नुसतंच ‘इतर’ असं नाव होतं. त्यात दारूची सोय लिहायची, हे पुरुषवर्गाने न बोलता समजून घेतलं आणि महिलावर्गाने न बोलता पाहून ठेवलं. पण सगळ्यांत जाड रेघ मारलेला रकाना पहिला: ‘बघण्यासारखं काय?’

इथेच घोडं अडलं. मराठी माणसाच्या सहलीचा पाया महाबळेश्वरला घातला गेलाय. तिथे पॉइंट असतात. बॉम्बे पॉइंट, विल्सन पॉइंट, एल्फिन्स्टन पॉइंट. गाडीतून उतरायचं, दरी बघायची, कणीस खायचं, ‘मागच्या वेळी धुकं होतं’ असं म्हणायचं आणि पुढच्या पॉइंटला सुटायचं. दिवसाला सहा पॉइंट झाले तर पैसे वसूल, चार झाले तर ड्रायव्हर चोर. आता बेटवाल्यांची जाहिरात बघा: या आणि काहीही करू नका. अहो, काहीही न करणं हे आम्ही दर रविवारी घरी फुकटात करतो, आणि वर बोलणी खातो.

मालदीवचा निकाल म्हणून लवकर लागायला हवा होता. जवळपास बाराशे बेटं, त्यांतल्या दोनशेएक बेटांवर वस्ती आणि कुठेही समुद्राशिवाय दुसरा पॉइंट नाही. देशाची नैसर्गिक उंची कुठेच अडीच मीटरच्या वर जात नाही. “एवढ्याला आपल्याकडे पोटमाळा म्हणतात,” काका म्हणाले. समुद्र वाढला तर आपण बुडू, हे जगाला सांगायला तिथल्या मंत्रिमंडळाने २००९ मध्ये पाण्याखाली बैठक घेतली होती. आमचे सेक्रेटरीसाहेब या माहितीने भारावून गेले. ज्या बैठकीत कोणालाच तोंड उघडता येत नाही, अशी बैठक त्यांचं फार जुनं स्वप्न आहे. पण पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या खोल्यांचे फोटो आले आणि ते गळाठले. खोलीच्या फरशीला काच, काचेतून खाली पाणी दिसतं. गेली चार वर्षं साहेब बी विंगच्या गळतीत अडकलेत. फरशीतून पाणी दिसायचे जादा पैसे, हे त्यांच्या पचनी पडेना.

शिवाय तिथे एका बेटावर एकच रिसॉर्ट. म्हणजे भाव करून ‘राहू दे, पुढे बघतो’ म्हणत पाठ फिरवायची, तर पुढे समुद्र. नाश्त्याला मासहुनी: सुका टूना, खवलेलं खोबरं, कांदा, मिरची, वर लिंबू आणि सोबत रोशी नावाची पोळी. “म्हणजे जवळ्याची चटणी आणि पोळीच की,” तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. त्या मालवणच्या. एवढे पैसे भरून जवळा खायचा, यावर त्यांनी जो चेहरा केला तो तक्त्यात बसवता आला नाही.

एवढ्यात २०२४ चा जानेवारी उजाडला. पंतप्रधान लक्षद्वीपला गेले, फोटो आले, मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी नको ते लिहिलं, तिघे निलंबित झाले आणि आमच्या सोसायटीने मालदीववर बहिष्कार टाकला. जिथे जायची ऐपत नाही तिथे बहिष्कार टाकायला आपण कधीच कचरत नाही. काकांनी मालदीवच्या ओळीला लाल रंग दिला. पुढे २०२५ च्या जुलैत पंतप्रधान मालदीवच्याच स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्षाच्या सोहळ्याला प्रमुख पाहुणे म्हणून गेले. तेव्हा ओळ परत पांढरी करायची का, असं काकांनी विचारलं. “बहिष्कार उठवल्याचं काही परिपत्रक आलंय का?” सेक्रेटरीसाहेब म्हणाले. आलेलं नव्हतं. ती ओळ अजून लालच आहे.

लक्षद्वीपच्या बाजूने मग देशप्रेम होतं, पण जमीन नव्हती. छत्तीस बेटं, दहांवर वस्ती, सगळी मिळून बत्तीस चौरस किलोमीटर. ठाणे महापालिकेच्या हद्दीत चार लक्षद्वीप आरामात बसतील आणि एकाही लक्षद्वीपला पार्किंग मिळणार नाही. वर परवाना काढावा लागतो. अर्ज, ओळखपत्रांच्या प्रती, तपासणी हे ऐकून काका एकदम तरुण दिसायला लागले. बाकीच्यांचा उत्साह मात्र बंगाराम सोडून सगळीकडे दारूबंदी आहे हे कळेपर्यंत टिकला. ‘इतर’ या रकान्याने देशप्रेमाचा असा बळी घेतला.

फुकेत हे नाव पुरुषवर्गाने तीनदा सुचवलं. नावात ‘फुकट’चा भास असूनही महिलावर्गाने ते तिन्ही वेळा चर्चेविना फेटाळलं. सेशेल्सची राजधानी माहे नावाच्या बेटावर आहे, हे वाचून काकांनी ‘माहे’पुढे महिना भरायची जागा सोडली. एवढंच सेशेल्सचं झालं. मला वाईट वाटलं, कारण बैराग्याच्या हातातला काळा कमंडलू ज्या दर्याई नारळाचा असतो तो झाडाला लागतो सेशेल्सलाच. संसार सोडलेल्या माणसाच्या हातात सेशेल्स आणि संसार करणाऱ्याला ते परवडत नाही, यावर मला दोन वाक्यं बोलायची होती. ही म्हणाली, “पुढचं बेट घ्या.”

पुढचं बाली. तिथे माझा मेहुणा जाऊन आलेला, त्यामुळे चर्चा अवघड झाली. जाऊन आलेल्या माणसाचं एकच मत असतं: आम्ही गेलो तेव्हा चांगलं होतं, आता तुम्ही जाणार म्हणजे बिघडलं असणार. उलुवातूच्या देवळात माकडाने त्याचा चष्मा पळवला आणि फळ हातात पडल्यावरच सोडला. पण हे सांगताना त्याच्या सुरात तक्रार नव्हती, व्यवहार चोख झाल्याचं समाधान होतं. पैशांचंही तसंच. आपल्या एका रुपयाला तिथे दीडशेहून जास्त रुपिया येतात. २०२४ पासून परदेशी पाहुण्यावर दीड लाख रुपिया कर बसलाय, हे ऐकून वहिनींनी बशी खाली ठेवली. काकांनी भागाकार करून तो हजाराच्या आत आणल्यावर उचलली.

बालीत मला ओढ लागली ती न्येपीची. न्येपी म्हणजे त्यांचा वर्षारंभ, आणि वर्ष कुठलं? शक. आपलंच. २०२६ मध्ये १९ मार्चला आपल्याकडे गुढीपाडवा आणि तिकडे न्येपी. इकडेही शके १९४८, तिकडेही शके १९४८. फरक एवढाच की ते त्या दिवशी गप्प बसतात. चोवीस तास दिवा नाही, चूल नाही, काम नाही, रस्त्यावर माणूस नाही. विमानतळसुद्धा बंद. पर्यटकाने हॉटेलातच बसायचं. राक्षसांचे मोठाले पुतळे नाचवून जो काय गोंगाट घालायचा तो ते आदल्या रात्री उरकतात. आमच्याकडे पाडव्याला पहाटे साडेपाचला नाक्यावर ढोल-ताशाचं पथक जमतं आणि नऊपर्यंत खिडकीच्या काचा शके १९४८ चं स्वागत करत थरथरत असतात. एकाच पंचांगाचे दोन वारस, एकाच्या वाट्याला मौन आलं आणि दुसऱ्याच्या वाट्याला डीजे. “चूल नाही, टीव्ही नाही, कोणी कोणाशी बोलायचं नाही,” ही सावकाश म्हणाली, “तिकीट काढा.” तिच्या आवाजात गंमत नव्हती. पण रकान्यात लिहायचं काय? त्या दिवशी बघण्यासारखं: काहीही नाही, बघायला जायलाही बंदी. बाली शून्यावर बाद.

मॉरिशसचं प्रकरण मात्र मला अजून टोचतं. १८३४ पासून ऊसमळ्यांसाठी गिरमिटिया मजूर नेले, त्यांत आपलेही होते. कोकणातून, घाटावरून मुंबई बंदरात येऊन गलबतात बसलेले. जिथे ते उतरायचे तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. त्यांची पतवंडं घरात क्रिओल बोलतात, गणेश चतुर्थीला देशाची सार्वजनिक सुट्टी घेतात, शाळेत मराठी शिकतात. २०२३ साली तिथल्या महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला. मी हे सगळं जरा भारावूनच सांगितलं. खोलीत शांतता पसरली.

“म्हणजे तिथे मराठी माणसं आहेत?” सेक्रेटरीसाहेबांनी विचारलं.

“आहेत.”

“मग एवढ्या लांब कशाला जायचं?”

दोनशे वर्षांपूर्वीच्या उसाच्या मळ्यात टिकलेली भाषा आमच्या ए विंगमध्ये टिकलेली नाही. इमारतीत मराठी माध्यमातून शिकलेलं शेवटचं मूल काका आहेत. पण हे बोललो असतो तर पुढची बैठक कोणाच्या घरी, हा प्रश्न उभा राहिला असता.

मग अंदमान आलं आणि चर्चाच संपली. पासपोर्टचा रकाना कोरा राहिला, पण पहिला रकाना भरून वाहायला लागला. अंदमानला तुरुंग आहे! सुट्टीच्या ठिकाणी तुरुंग आहे म्हटल्यावर आठही चेहऱ्यांवर जो आनंद पसरला तो बालीच्या कुठल्याही किनाऱ्याने पसरवला नव्हता. मला त्यामागचं गणित कळतं. समुद्रात डुंबायला जाणं म्हणजे चैन आणि चैनीला कारण द्यावं लागतं. सेल्युलर जेल पाहायला जाणं हे कर्तव्य आहे. मग कर्तव्य करून येताना वाटेत समुद्र लागला तर काय करणार? पूर्वी तिथे सरकार स्वखर्चाने पाठवत असे. आम्ही माणशी किती भरले ते सांगत नाही.

डिसेंबरात गेलो. वीर सावरकर विमानतळावर उतरलो आणि विमानतळाच्याच पाटीसमोर पहिला पॉइंट केला. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, हॅवलॉकचं २०१८ मध्येच स्वराज द्वीप. पण आमचा टॅक्सीवाला प्रत्येक जागेचं जुनं नाव सांगायचा, सेक्रेटरीसाहेब नवं नाव सांगून त्याला दुरुस्त करायचे आणि गाडी बरोबर ठिकाणी पोचायची.

तुरुंग १८९६ ते १९०६ असा दहा वर्षं बांधला. सात पाख्यांपैकी तीन उरलेत. भिंतीवरच्या फलकांवर कैद्यांच्या याद्या आहेत. बंगालची आणि पंजाबची नावं संपता संपत नाहीत. त्यांच्यापुढे कोणी थांबत नव्हतं. आमचा गट आणि महाराष्ट्रातून आलेले आणखी तीन गट वरच्या मजल्यावरच्या एकाच कोठडीपुढे रांगेत उभे, एका हातात मोबाइल, दुसऱ्याने डोळे पुसत. आमची पाळी आली. चार भिंती, वर एक झरोका, एवढंच. “आमची चाळीतली खोली एवढीच होती,” वहिनी बोलून गेल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली. मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. सबंध सहलीत तेवढी पाच मिनिटं आम्ही कशाचीच कशाशी तुलना केली नाही.

दुसऱ्या दिवशी बोटीने स्वराज द्वीप. दोन तासांत निम्मी कंपनी पिशव्यांत तोंड घालून बसलेली. ‘पाण्यात उतरणं सक्तीचं आहे का’ या रकान्याशेजारी ‘पोटातलं वर येणं’ असा अठरावा रकाना हवा होता, हे काकांनी पिशवीतूनच मान्य केलं. संध्याकाळी राधानगर, ज्याला तिथले लोक सात नंबरचा बीच म्हणतात. नंबर ऐकून आम्ही फलाटावर उभं राहावं तसे ओळीने उभे राहिलो.

खोटं का बोलू, समुद्र सुंदर होता. पांढरी वाळू, मागे उंच झाडं, पाण्याचा रंग दर मिनिटाला बदलणारा. मी बूट काढले आणि आडवा झालो. घड्याळ भारताचं आणि सूर्य ब्रह्मदेशाच्या शेजारचा, त्यामुळे पाच वाजता तो टेकायलाच आला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी पैसे भरून काहीही करत नव्हतो.

“झालं का सगळ्यांचं बघून?” सेक्रेटरीसाहेब ओरडले.

साडेपाचला मिट्ट काळोख. जेवण साडेसातला. रिसॉर्टच्या व्हरांड्यात ट्यूबलाइटखाली आठ मराठी माणसं एकमेकांकडे बघत बसलेली, पुढचा पॉइंट उद्या सकाळी नऊला. लाटांचा आवाज येत होता. कोणीतरी टेबल ओढलं, समुद्राकडे पाठ करून खुर्च्या मांडल्या आणि काकांनी खिशातून कॅट काढला.

“बोला,” पत्ते पिसत ते म्हणाले, “बंद हुकूम की कट हुकूम?”