बर्फीचा दागिना

एखाद्याला उथळ म्हणायचं झालं की आपण म्हणतो, 'नुसता वरचा वर्ख आहे.' हा लखनौच्या चौकात वर्ख कुटणाऱ्यांवर सरळसरळ अन्याय आहे. कमीत कमी धातूत जास्तीत जास्त कारागिरी, ही दागिन्याची कसोटी मानली तर चांदीचा वर्ख हाच अव्वल दागिना ठरतो. तो बर्फीच्या अंगावर असतो एवढंच. सोनाराच्या दुकानात केवढा पसारा असतो! ऐरण, सांडशी, मूस, फुंकणी, कानस, डाख लावायला टाकणखार. वर्खवाल्याकडे मात्र दगड, हातोडा आणि एक पुस्तक. त्यात अक्षर नाही, पानापानांच्या मधे चांदीचे तुकडे. अरबीत वरक म्हणजे पानच, तेव्हा नावाला धरूनच सगळं चाललंय. ही पोथी चामड्याच्या वेष्टनात घालून तासन्‌तास कुटायची. (पुस्तकाशी इतका वेळ झटणारा माणूस हल्ली विद्यापीठातही विरळा.) सोन्याच्या खालोखाल पसरण्याचा गुण चांदीत, म्हणून ती मार खाते, तुटत नाही, फाकत जाते; शेवटी फुंकरीने उडेल इतकी पातळ होते. टाकीचे घाव सोसले की दगडाला देवपण येतं. इथे हजारो घाव सोसून चांदीला काय मिळतं, तर मलई गिलौरीसारख्या मिठाईच्या डोक्यावर घटकाभर जागा.

यावर व्यवहारी माणूस विचारील, हा दागिना अडीनडीला गहाण टाकता येतो का? नाही. पण पाटल्या मोडायला नेल्या की घडणावळ बुडते आणि वर घटही कापली जाते. वर्ख घेणारा निदान घडणावळ चाखून तरी येतो. वर्खाला चव नसते म्हणावं, तर ठुशीला कुठे असते? खरा आक्षेप वेगळा आहे. त्या पोथीची पानं परंपरेने जनावराच्या आतड्याच्या पडद्याची असत, आणि तोच वर्ख उपासाच्या मिठाईवरही सोवळ्याने चढत असे. हा आक्षेप विनोदाने उडवण्यासारखा नाही. २०१६ साली केंद्राच्या अन्नसुरक्षा नियमांनी वर्ख बनवताना प्राणिज वस्तू वापरायला बंदी केली. कागदाची पानं आली, यंत्रंही आली. हातोडा कोण चालवतो यापेक्षा चांदी किती पातळ झाली, हेच शेवटी मोजायचं असेल, तर यंत्रालाही कारागीर म्हणायला माझी हरकत नाही.

शुद्धतेतही वर्खच वरचढ. अंगावरच्या चांदीत बऱ्याचदा हजारात ९२५ भागच चांदी, कारण तांब्याची भेसळ केल्याशिवाय ती कणखर होत नाही. वर्खाला मात्र नियमाने ९९९ लागतात. म्हणजे नवरीच्या पैंजणांपेक्षा काजूकतलीचा थाट अस्सल. आता कुणी चांदीऐवजी ॲल्युमिनियम चढवलं असेल तर? बोटांत चोळून बघावं. ॲल्युमिनियमच्या बारीक गोळ्या होतात, चांदी विरून जाते. चोळताच नाहीसा झाला की गिऱ्हाईक निर्धास्त होतं, असा दुसरा दागिना कोणत्याही सराफाने दाखवावा.