बेल्ट बदला घरच्या घरी

पिकअपमध्ये संत्री भरली आहेत, अमरावतीची मंडी गाठायची आहे आणि बोनेटखालून कुत्र्याच्या पिल्लावर पाय पडल्यासारखा आवाज येतो आहे. अभिनंदन! इंजिनचा बेल्ट बदलायची वेळ आली आणि तो तुम्ही स्वतः बदलणार आहात. मिस्त्री या कामाला अर्धा तास लावून पैसे घेतो. तुम्ही दिवसभर लावून फुकट कराल.

१. घाई करू नका. आधी पट्ट्यावर कपड्याचा साबण घासा, आवाज बंद होईल. साबणानं पट्टा आणखी घसरतो खरा, पण घसरताना बोलत नाही. अगदीच तपासायचा असेल तर भेगा शोधा. हल्लीच्या ईपीडीएम रबराला भेगा सहसा पडतच नाहीत, नुसत्या खाचा झिजतात. म्हणजे काही सापडणार नाही. निर्धास्त राहा.

२. तुटू द्या. उत्तम मुहूर्त बहिरमच्या जत्रेचा: जानेवारीचा महिना, मागे हंडी, रोडग्याचं पीठ आणि सगळे साळे-मेहुणे. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला की बॅटरीची टर्मिनलं घासा. स्टीअरिंग जड झालं की रस्त्याला शिव्या द्या. गरमीचा काटा चढला की उन्हाला द्या (जानेवारीत कशा द्यायच्या, ते तुमचं कसब). डायनामो, पाण्याचा पंप आणि पॉवर स्टीअरिंग एकाच पट्ट्यावर फिरत होते, हा विचार मनाला शिवू देऊ नका.

३. उरलासुरला पट्टा ब्लेडनं कापून फेका. फोटो काढायचा नाही. लग्नात प्रत्येक पंगतीचा काढता, तेवढे पुरे. पट्ट्याची वाट दाखवणारं कंपनीचं स्टिकर बोनेटखाली असेल तर ते ग्रीसच्या हातानं पुसा. प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचं माधान आपल्याच तालुक्यात आहे. तान्हेपणीच दृष्टी गेली, आयुष्य उणंपुरं ३४ वर्षांचं, तरी १९१५ पर्यंत शंभरावर ग्रंथ रचून गेले. तुम्हाला दोन डोळ्यांनी सहा पुल्या आठवू नयेत?

४. नवा पट्टा आणा. जुन्याच्या पाठीवर नंबर असतो. समजा ६पीके१२००, म्हणजे सहा खाचांचा, १२०० मिलिमीटर लांबीचा. हा नंबर सांगितला तर दुकानदार दोन मिनिटांत पट्टा देतो आणि गप्पा राहून जातात. तुम्ही ‘पिकअपचा द्या’ म्हणा. ‘कोणती?’ विचारलं तर ‘पांढरी’ सांगा.

५. समिती नेमा. बोनेट उघडून नुसतं उभं राहिलं की ती जमते: एक रिटायर एसटी ड्रायव्हर, एक ट्रॅक्टरवाला, मोबाइलवर व्हिडिओ लावलेलं एक पोट्टं. मग कामकाज सुरू.

‘उलटा टाकून रायला ना भाऊ तू.’

‘काका, तुमच्या एस्टीले कुठं होता असा पट्टा?’

‘तू सांगशील मले? चाळीस वर्सं गाडी चालवली!’

‘चालवली ना. खोलली कवा?’

खरा नियम असा: खाचांची बाजू खाचांच्या पुलीवर, सपाट पाठ सपाट पुलीवर. एका वाक्यात संपणाऱ्या नियमाला समितीत किंमत नसते, म्हणून मतदान घ्या. शेवटी पट्टा बोटभर लांब उरेल. जाणता माणूस म्हणेल, वाट चुकली. तुम्ही म्हणा, कंपनी जरा मापात सढळ आहे. गाडी सुरू करा. सगळं गरगर फिरेल आणि पोट्टं टाळ्या वाजवेल. पाण्याचा पंप उलटा फिरतोय, ही बातमी रेडिएटरच देईल, साधारण पुढच्या गावाच्या वेशीवर.

६. ताण. स्प्रिंगचा टेन्शनर असेल तर पाना लावून मागे ओढा आणि अचानक सोडा. त्याआधी बोटं मोजून ठेवा. जुन्या गाडीत डायनामो मागे ओढून पट्टा ताणतात आणि अंगठ्यानं दाबला तर अर्धा इंच दबेल एवढा झोल ठेवतात. झोल तर आपल्याकडे ग्रामपंचायतीतही चालतो, इथे नको. टॉमी घाला, दोघंजण लटका, पट्टा तारेसारखा वाजू द्या. डायनामोचं बेअरिंग गेलं तर ती वेगळी दुरुस्ती. तिची मार्गदर्शिका पुढे कधीतरी.

७. आता मिस्त्रीला फोन करा. तो येईल, वाकेल, बराच वेळ वाकलेलाच राहील, आणि विचारेल, ‘हा कोनं बसवला?’ काका एसटी स्टँडकडे निघालेले असतील. ट्रॅक्टरवाल्याला वावरातली मोटर आठवेल. पोट्ट्याचा नेटपॅक संपलेला असेल. तुम्ही डगमगू नका. मान हलवत, मनापासून हळहळत सांगा, ‘मागच्या मिस्त्रीनं.’